पाळणाघरातील ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपल्या पाळणाघरात येणाऱ्या बावीस महिन्यांच्या एका मुलीची मी आई. गेल्या महिन्यात आम्ही तिला घेऊन मोटारीने जाताना सात आणि येताना सात तासांचा प्रवास केला. परतल्यावर मी आपले आभार मानले खरे, पण मुलांना न्यायला आलेल्या पालकांची दारात गर्दी होती आणि मनातले बोलायचे राहूनच गेले. ते आता सविस्तर लिहीत आहे, आणि सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ज्या अडचणीतून आपण आम्हाला वाट दाखवलीत ती लहान मूल असलेल्या बहुतेक घरांना ठाऊक असते.

त्याआधीचा आमचा लांबचा प्रवास मी अजून विसरलेले नाही. तेव्हा ती दीड वर्षाची होती. तिचे मन रमावे म्हणून आम्ही डझनभर खेळणी तिच्या शेजारच्या आसनावर मांडून ठेवली होती. पहिल्या अर्ध्या तासात ती सगळी हाताळून झाली, खाली पडली, आणि मग जे रडणे सुरू झाले ते थांबेना. शेवटी तिच्या हाती मोबाइल दिला. वीस मिनिटे शांततेत गेली, पण तो काढून घेताच आधीपेक्षा मोठा आकांत झाला. तिला कार सीटमधून, म्हणजे गाडीत बसवलेल्या लहान मुलांच्या पट्ट्यांच्या आसनातून, काढून मांडीवर घ्यावे, असे त्या क्षणी फार वाटले. तसे केले नाही, गाडी सुरक्षित जागी थांबवली, एवढेच त्या दिवशी आमच्या हातून बरे घडले. त्यानंतर ती थोडी मोठी होईपर्यंत कोठेही लांब जायचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते. परंतु तिच्या पणजीला तिला पाहायचे होते, आणि पणजीचे वय लक्षात घेता ती भेट पुढे ढकलणे मनाला पटत नव्हते.

मी ही काळजी आपल्यापाशी बोलून दाखवली तेव्हा, कोणती खेळणी न्यावीत हे आपण सांगाल, अशी माझी अपेक्षा होती. आपण मात्र विचारलेत, “ती रडत होती तेव्हा तिच्या शेजारी कोण बसले होते?” शेजारी कोणीच नव्हते. आम्ही दोघेही पुढे बसलो होतो. तिची सीट मागे तोंड करून बसवलेली असल्यामुळे तिला आमचे चेहरे दिसत नव्हते, फक्त आवाज येत होते. ही गोष्ट इतकी सरळ होती, तरी तोवर माझ्या ध्यानात आली नव्हती. सीट पुढे तोंड करून फिरवावी, म्हणजे तिला आम्ही दिसू, असे मी लगेच म्हणाले, आणि आपण तितक्याच ठामपणे नको म्हणालात. या वयात शरीराच्या मानाने डोके जड असते आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेली सीट डोके, मान आणि पाठ यांना एकत्र आधार देते. म्हणून कंटाळ्याच्या कारणाने ती फिरवायची नाही, आणि चालत्या गाडीत तिचे पट्टे तर कधीच सोडायचे नाहीत. जागा बदलायचीच असेल तर ती आईने किंवा बाबांनी बदलावी, हे आपले म्हणणे आम्ही मानले.

दुसऱ्या दिवशी आपण मला एक कापडी पिशवी दिलीत. तिच्यातल्या वस्तू पाहून सुरुवातीला मला नवल वाटले. एका रिकाम्या मऊ डब्यात खुपसलेले रंगीत कापडाचे तुकडे, चेन उघडता-मिटता येणारे जुने पाकीट, घट्ट झाकणाचे भांडे, मोज्याची बाहुली, कापडी पुस्तक आणि सहज निघणाऱ्या कागदी चिकटपट्टीची गुंडाळी. विकतचे म्हणावे असे त्यात फारसे काही नव्हते. प्रत्येक वस्तू आपण का निवडली होती हे सांगितलेत, आणि मला वाटते, खरे शिक्षण त्या सांगण्यात होते. या वयाच्या मुलाला ओढणे, उघडणे, भरणे, रिकामे करणे आणि तेच पुन्हा करणे यांत अपार रस असतो. बटण दाबले की वाजणारे खेळणे ते एकदा समजले की संपते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी वस्तू घशात अडकेल इतकी लहान नसावी, हे तपासायला त्यांच्यासाठीच्या खेळण्यांच्या चाचणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात आणि त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू बाद ठरते, हेही मला आपल्याकडूनच कळले. जोराचा ब्रेक लागला तर सुटी वस्तू उडून लागू शकते, म्हणून सगळे मऊ आणि हलके. पाकिटाच्या चेनला लावलेली दोरीसुद्धा आपण वीतभरच ठेवली होती.

वस्तूंपेक्षा त्या देण्याची रीत महत्त्वाची, हे आपण पुन्हा पुन्हा सांगितलेत. पिशवी तिच्या नजरेआड ठेवायची. एका वेळी एकच वस्तू काढायची, ती आधी आपण स्वतः रस घेऊन हाताळायची, मग तिच्या हाती द्यायची; तिचे मन उडाले की ती परत पिशवीत, आणि दोन तासांनी तीच वस्तू नव्यासारखी बाहेर. ती आनंदात असेल, खिडकीबाहेर पाहत असेल, तर काहीच द्यायचे नाही. हा शेवटचा नियम पाळणे मला सर्वांत कठीण गेले, कारण शांत मुलाला पाहून पुढच्या रडण्याच्या भीतीने आपलाच हात पिशवीकडे जातो.

मोबाइलविषयी आपण मला रागावला नाहीत, याबद्दलही मी ऋणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचना आपण समजावून सांगितल्यात: एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, दोन वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून अधिक नको आणि जितके कमी तितके बरे. त्याच सूचनांत, लहान मुलाला एका वेळी एक तासाहून अधिक काळ बांधून बसवू नये, असेही म्हटले आहे. या दुसऱ्या सूचनेकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. आम्ही तासाभराने थांबायचे ठरवले, आणि थांबणे म्हणजे आपले पाय मोकळे करणे नसून तिला धावू देणे, हे धरून चाललो. सात तासांचा प्रवास त्यामुळे साडेनऊ तासांचा झाला. ते अडीच तास वाया गेले, असे मला मुळीच वाटत नाही.

प्रवासात सगळेच सुरळीत झाले नाही. पाचव्या तासानंतर ती जवळजवळ अर्धा तास रडली, आणि पिशवीतील कोणतीही वस्तू कामाला आली नाही. “कधी कधी रडू द्यावे लागेल, पण शेजारी बसून,” हे आपले शब्द तेव्हा आठवले. मी तिचा पाय हातात धरून बसले आणि आपण सुचवल्याप्रमाणे तिच्या ओळखीचे बडबडगीत हळू आवाजात म्हणत राहिले, प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्द तिच्यासाठी मोकळा सोडून. पहिल्या काही ओळींना उत्तर आले नाही. मग हुंदक्यांच्या मधून एक शब्द आला, पुढच्या ओळीला दुसरा आला, आणि ते गीत आम्ही किती वेळा म्हटले याची मला मोजदाद नाही. थोड्या वेळाने ती त्या शब्दांमध्येच झोपी गेली.

परतीच्या वाटेवर तिचे बाबा मागे बसले आणि गाडी मी चालवली. चिकटपट्टीचे तुकडे तिने त्यांच्या बाहीवर लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे, असा खेळ दोघांनी शोधून काढला होता. आरशातून मला ती दिसत नव्हती, पण तिचे हसणे ऐकू येत होते.

आपली पिशवी धुऊन परत पाठवत आहे. चिकटपट्टी संपली होती, तिच्या जागी नवी ठेवली आहे, आणि मोज्याच्या बाहुलीचा निघालेला डोळा धाग्याने शिवून पक्का केला आहे. पुढच्या महिन्यात आपल्याच पाळणाघरातील जुळ्या भावंडांचे आई-बाबा लांबच्या प्रवासाला निघणार आहेत, असे कळले. आपली परवानगी असेल तर ही पिशवी आता त्यांना द्यावी. जुळ्यांसाठी कापडाचे आणखी तुकडे मी शिवून ठेवले आहेत.

आपली कृतज्ञ,
मागे बसायला शिकलेली एक आई