बहात्तरच्या खडीवर बसलेल्या बायकांशी आधी बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातली, गेल्या वर्षी इंग्लंडमधून इंटरनॅशनल डेव्हलपमेंटची मास्टर्स करून आले. सध्या ॲडमिशनचे दिवस आहेत, ओळखीतली बरीच पोरंपोरी हाच नाहीतर सस्टेनेबिलिटीचा कोर्स करायला निघालीत आणि दोन दिवसांआड कुणाचा तरी फोन येतो की ताई एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधात, काय लिहू, गरिबीवर लिहू की क्लायमेटवर. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा तुमच्या पेपरातून एकदाच सांगावं म्हणून हे पत्र: आधी बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडलेल्या आपल्या बायकांशी बोला.

दुसऱ्या टर्मला आम्हाला दुष्काळ हा विषय होता. सरांनी फळ्यावर लिहिलं, महाराष्ट्र १९७२-७३. शेजारी आफ्रिकेतला साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, तिथला त्याच वर्षांतला दुष्काळ. साहेलमध्ये त्या दुष्काळात माणसं भुकेनं गेली, आणि आपल्याकडे धान्य माणशी तिथल्यापेक्षाही कमी होतं तरी तसे बळी गेले नाहीत, हे का झालं यावर दोन तास चर्चा. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांनी यावर लिहिलंय ते वाचायला दिलं. उत्तर असं की पीक गेलं तरी माणसाच्या हातात मजुरीचा पैसा राहिला की बाजारातलं धान्य त्याच्यापर्यंत पोचतं, आणि मे १९७३ मध्ये आपल्या राज्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. ५० लाख! मी बारावीपर्यंत माणमध्ये शिकले, डिग्री पुण्यात केली, हा आकडा मला कुणी सांगितला नव्हता.

वर्गात एक इथिओपियाची मुलगी होती. तिच्या देशात २००५ पासून मोठी योजना चालू आहे, गावातले लोक डोंगरउतारावर बांध घालतात, पाणी अडवतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. तिनं मला विचारलं, तुमच्याकडे हे काम कसं चालायचं, मोजमाप कोण करायचं, बायकांची लेकरं कुठं असायची? मला एकाचंही उत्तर देता येईना. त्या रात्री मी आजीला फोन लावला.

आजी बहात्तरला अठरा वर्षांची, माझे थोरले काका पोटाशी. ती म्हणाली, "अगं खडी फोडायला जायचो की आम्ही समद्या." दिवस उगवायच्या आत भाकरी बांधून निघायचं, रस्त्याच्या कडेला रांगेत बसायचं, दगड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचा नि हातोडी घालायची. ढीग टेपनं मोजला जायचा, त्यावर मजुरी, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा. लेकरू झाडाखाली झोळीत, एक म्हातारी सगळ्यांची झोळी हलवायची. सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची ती निम्मी घरी आणायची. परदेशातून आलेल्या मिलोच्या, म्हणजे तांबड्या ज्वारीच्या, भाकरीबद्दल ती म्हणते की तांबडीलाल व्हायची, घास तोंडातच फिरायचा, पण पोट भरायचं. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख त्या वर्षी गेलं ते परत नीट आलंच नाही. लहानपणी मी तिचे पाय चेपायचे तेव्हा ते नख रोज बघायचे आणि कधी विचारलं नाही.

दुष्काळी कामावरच्या या माणसांनी घातलेला आमचा पाझर तलाव आजही भरतो, खालच्या विहिरी त्याच्यावरच आहेत. सगळंच असं टिकलं नाही हेही तितकंच खरं, बरेच रस्ते अर्धवट राहिले, पुढच्या काळात मस्टरवर खोटी नावं लागली, मजुरी महिना महिना अडकायची, हे सगळं आमच्या गावातही झालंय आणि अभ्यास करायचा तर हेही मांडायलाच पाहिजे.

मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी ती आधी करून बघितली, विधान परिषदेचे सभापती असताना मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागले. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. आणि पैसा कुठून आला? बराचसा शहरातल्या पगारदारांकडून. पगारातून महिन्याला जे २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तो व्यवसाय कर १९७५ साली यासाठीच आणलेला. माझा भाऊ हिंजवडीत आहे, त्याला पे स्लिप दाखवून हे सांगितलं तर तो कितीतरी वेळ गप्पच बसला.

१९३ देशांनी २०१५ ला संयुक्त राष्ट्रांत १७ शाश्वत विकास ध्येयं मान्य केली, २०३० ची मुदत आहे, कोर्समध्ये ती पाठ होतात. बाहेर जरूर जा, मला तिथं खूप मिळालं, वेगवेगळ्या देशांची माणसं एका टेबलावर बसून दुष्काळावर भांडतात हे फार मोठं शिक्षण आहे. पण त्या टेबलावर जाताना आपल्याकडचं काहीतरी घेऊन जा, माझ्यासारखं गप्प बसायची वेळ नको.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. कॉलेजांनी एनएसएसच्या शिबिरात बहात्तरला कामावर गेलेल्या बायाबाप्यांची बोलणी रेकॉर्ड करून घ्यावीत, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या तलावावर, किती मजुरी, मुकादम कसा वागायचा, सगळं. आणि तुमच्या पेपरनं रविवारी त्यासाठी थोडी जागा द्यावी. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्या गावातल्या अकरा जणींचं मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, त्यातल्या दोघी या उन्हाळ्यात गेल्या. बाकीच्या नऊ जणींचं बोलणं टाइप करून मी तुमच्याकडे पाठवायला तयार आहे, कधी पाठवू तेवढं कळवा.

आपली नम्र,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा