दुबई वर्ल्ड कप : बक्षीस दिसते, माती दिसत नाही

संपादक महोदय,

मार्च सरत आला की आपल्याकडच्या वृत्तपत्रांत दुबई वर्ल्ड कप या घोड्यांच्या शर्यतीची बातमी हमखास येते आणि तिचा मथळाही ठरलेला असतो : ‘जगातली सर्वांत श्रीमंत शर्यत’. हे बिरुद केव्हाच जुने झाले आहे. २०१७ साली फ्लोरिडातल्या पेगासस वर्ल्ड कपने १ कोटी २० लाख डॉलर लावून दुबईच्या १ कोटीला मागे टाकले. २०१९ मध्ये दुबईने स्वतःचे बक्षीस १ कोटी २० लाखांवर नेऊन पहिला क्रमांक परत मिळवला. पुढच्याच वर्षी रियाधमध्ये २ कोटी डॉलरचा सौदी कप सुरू झाला. पैशाची चढाओढ अशीच चालणार. दुबईच्या शर्यतीचा खरा इतिहास घोड्याच्या खुराखालच्या जमिनीत आहे, आणि बातम्यांत नेमका तोच नसतो.

दुबईच्या राजघराण्यातले शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी १९९६ साली ही शर्यत नाद अल शेबाच्या मैदानावर सुरू केली. अंतर २००० मीटर, बक्षीस ४० लाख डॉलर, त्यातले २४ लाख विजेत्याला. त्यांना हवे होते अमेरिका, युरोप, जपान आणि दक्षिण गोलार्धातले अव्वल घोडे एका रात्री एका रांगेत उभे करायला. अडचण अशी, की युरोपातले मोठे घोडे गवतावर पळतात आणि अमेरिकेतले डर्टवर, म्हणजे वाळूमिश्रित मातीवर. दुबईने डर्ट निवडले. त्यामुळे सिगार आला. अमेरिकेत ओळीने १३ शर्यती जिंकलेला हा घोडा, पुढच्या खुराची दुखापत नुकतीच बरी झालेली, तरी सोल ऑफ द मॅटरला अर्ध्या लेंथने (लेंथ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर) हरवून गेला. पहिले तिन्ही घोडे अमेरिकेचे होते. त्या एका निकालाने नवख्या शर्यतीला जगात पत मिळाली.

गवत आणि डर्ट यांतला फरक इथे सांगायलाच हवा, कारण बाकीचा इतिहास त्यावर उभा आहे. गवतावरची शर्यत बहुधा संथ सुरू होते आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात पेटते. डर्टवर उलटे. गेट उघडताच वेग पकडून जागा घ्यावी लागते, कारण पुढच्या घोड्याच्या खुरांनी उडालेली माती मागच्याच्या डोळ्यांवर, नाकपुड्यांवर आणि छातीवर सपासप बसते. याची सवय नसलेला घोडा मान वर करतो, पावले आखडतो, आणि जॉकीने कितीही रेटले तरी पुढे सरकत नाही. गवतावरचे नामांकित घोडे दुबईत फिके पडतात ते बऱ्याचदा यामुळे. ताकद असते, पण तोंडावर माती झेलण्याचा सराव नसतो.

डर्टचा दुसरा शत्रू पाऊस. १९९७ मध्ये शर्यत २९ मार्चला होती. वाळवंटात असा पाऊस कोसळला की धावपट्टीवर पाणी साचले. ती वाळवण्यासाठी हेलिकॉप्टर वापरली गेली, आणि शर्यत ३ एप्रिलला झाली. ती सिंगस्पीलने जिंकली. हा गवतावरचा घोडा असून डर्टवर जिंकला, म्हणून त्याचे मोल जास्त.

२००० सालचा विजेता दुबई मिलेनियम अनेकांना आठवत असेल. याझर हे त्याचे आधीचे नाव बदलून, याच शर्यतीवर डोळा ठेवून शेख मोहम्मद यांनी नवे नाव दिले होते. जॉकी फ्रँकी डेटोरीने त्याला सुरुवातीपासून पुढे ठेवले. तो सहा लेंथने जिंकला, वेळ १ मिनिट ५९.५० सेकंद. पुढच्याच वर्षी ‘ग्रास सिकनेस’ने तो दगावला. त्याच्या मोजक्या शिंगरांपैकी दुबावी हा पुढे जगातल्या आघाडीच्या वळूघोड्यांत गणला गेला.

यानंतर आली ती मोठी चूक. मी तिला चूकच म्हणतो. २०१० साली नाद अल शेबाच्या जागी मेदान हे नवे शर्यतीचे मैदान उभे राहिले : दीड किलोमीटरहून लांब प्रेक्षागार, बक्षीस १ कोटी डॉलर आणि डर्टच्या जागी टॅपेटा. टॅपेटा म्हणजे मेणाचा लेप दिलेली वाळू आणि कृत्रिम धागे यांचे मिश्रण. हेतू चांगला होता. पाणी निचरून जाते, माती कमी उडते, पायावरचा भार हलका होतो, आणि गवतावरच्या घोड्यांना संधी मिळते. पण मेण तापले की मऊ आणि थंडावले की घट्ट. त्यामुळे दुपारी जी पट्टी असते ती रात्री तशीच राहत नाही. आणि अमेरिकेतले डर्टवरचे मोठे घोडे येईनासे झाले. बक्षीस वाढले आणि शर्यतीचा कस मात्र उतरला. शेवटी आयोजकांनी टॅपेटा उखडून पुन्हा डर्ट टाकले, आणि २०१५ ची शर्यत डर्टवर झाली. पाठोपाठ २०१६ मध्ये कॅलिफोर्निया क्रोम जिंकला, तोही खोगीर मागे घसरलेले असताना. २०१७ मध्ये ॲरोगेट सुटतानाच मागे पडला, सगळ्यांच्या शेवटी होता, आणि तरीही सगळ्यांना गाठून पुढे गेला.

टॅपेटाच्या काळातली एक रात्र मात्र विसरता येणार नाही. २६ मार्च २०११. जपानमधल्या भूकंप-त्सुनामीला जेमतेम १५ दिवस झालेले. व्हिक्टोअर पिसा पहिला, ट्रान्सेंड दुसरा, दोन्ही जपानचे. जपानचा पुढचा विजय २०२३ मध्ये उश्बा टेसोरोचा, आणि तो डर्टवर. मधल्या बारा वर्षांत जपानने आपल्या डर्टच्या घोड्यांवर किती मेहनत घेतली, हे यावरून कळते.

प्रवास आणि औषधे यांचाही उल्लेख बातम्यांत नसतो. विमानात घोडा अरुंद कप्प्यात तासन् तास उभा असतो, मान बांधलेली. मान खाली नेता आली नाही की श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, आणि त्यातून फुफ्फुसांना संसर्ग होतो. म्हणून गवत भिजवून देतात, वाटेत पुनःपुन्हा पाणी दाखवतात आणि उतरल्यावर रोज ताप मोजतात. अमेरिकेत धावताना फुफ्फुसातून रक्त येऊ नये म्हणून शर्यतीआधी लॅसिक्स हे औषध टोचण्याची पद्धत रुजलेली आहे. दुबईत शर्यतीच्या दिवशी ते चालत नाही. कॅलिफोर्निया क्रोमला २०१६ मध्ये जानेवारीतच दुबईत आणून फेब्रुवारीत तिथे एक शर्यत पळवली गेली, ती हवा, माती आणि हे नियम अंगवळणी पडावेत म्हणूनच.

आपल्या वाचकांना तुलना मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सशी करावीशी वाटते, ते साहजिक आहे. पण महालक्ष्मीला शर्यती गवतावर आणि उजव्या हाताच्या वळणाने होतात, मेदानला डाव्या. वळणावर घोडा आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला टाकतो, त्यामुळे दिशा बदलली की चालच बदलावी लागते. पैशाचा उगमही निराळा. आपल्याकडे बक्षिसाचा मोठा आधार टोट (सगळ्यांच्या पैजा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत) आणि बुकींच्या उलाढालीवर, म्हणून २०१७ साली पैजेवर २८ टक्के जीएसटी लागला तेव्हा त्याची झळ थेट बक्षिसांना लागली. दुबईची शर्यत पैजेच्या पैशावर चालत नाही. तिथले बक्षीस यजमान आणि प्रायोजकांच्या खिशातून येते. दोन आकडे शेजारी छापून आपण मागासलेले असल्याचा निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायाचे आहे. आणि भारताचा धागा हवाच असेल तर तो खरा आहे : २०२४ मध्ये साडेआठ लेंथने जिंकलेल्या लॉरेल रिव्हरचे ट्रेनर भूपत सीमार मूळचे भारतीय.

तेव्हा विनंती एवढीच. डॉलरचा आकडा जरूर छापा, पण निकालासोबत पृष्ठभाग, अंतर, घोड्यावर दिलेले वजन, वेळ आणि फरक द्या. जागा दोन ओळींची लागते. नमुना म्हणून २०१८ चा निकाल असा देता येईल : ‘थंडर स्नो, ४ वर्षे, ५७ किलो, जॉकी ख्रिस्तोफ सुमियों, ट्रेनर सईद बिन सुरूर, डर्ट, २००० मीटर, २ मि. १.३८ से.; पावणेसहा लेंथ; दुसरा वेस्ट कोस्ट.’ पुढच्या वर्षी हाच घोडा पुन्हा जिंकला, या वेळी ग्रोन्कोव्स्कीवर केवळ नाकाच्या फरकाने. ही शर्यत दोनदा जिंकणारा तो पहिला घोडा.

आपला,
अश्वशर्यतींचा एक नियमित वाचक, पुणे