मुलांमागे सवलत, पण कुणाला किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘अमेरिकेत मूल झालं की सरकार पैसे देतं’ हे वाक्य कट्ट्यावर मीही अनेकदा ठोकून दिलं आहे. मार्चमध्ये न्यू जर्सीत लेकीकडे होतो, तेव्हा तिचं करविवरणपत्र भरताना शेजारी बसलो आणि जीभ चावली. बँकेत हयात गेल्यामुळे आकडे दिसले की राहवत नाही.

तिथे 17 वर्षांखालील मुलामागे 2025 या करवर्षापासून 2,200 डॉलरची करसवलत आहे. नवरा-बायकोचं एकत्रित उत्पन्न 4 लाख डॉलरपर्यंत असेल, तर ती पूर्ण मिळते. त्यापुढे दर हजारामागे 50 डॉलर कमी होतात. म्हणजे आपल्या लाडक्या बहिणीसारखं नाही, की अडीच लाखांवर रुपया गेला आणि नाव कटलं. इथवर मला पद्धत आवडली. (थोरला नातू पुण्यात जन्मला. त्याला तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, नाही, म्हणून त्याच्यामागे फक्त 500. तिथेच, न्यू जर्सीतल्या एडिसनला, जन्मलेल्या धाकट्यामागे पूर्ण 2,200. तो वेगळाच विषय.)

गोम आहे ती खालच्या टोकाला. सवलत करातून वजा होते. ज्याला करच लागत नाही, त्याच्या हाती मुलामागे फार तर 1,700 डॉलर रोख येतात. तेही कमाई 2,500 च्या वर असेल तर, आणि वरच्या रकमेच्या फक्त 15 टक्के.

नातवाच्या पाळणाघरात एक बाई अर्धवेळ काम करते. एकटीच दोन मुलं वाढवते, कमाई वर्षाला 12,000 च्या घरात. पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला : 12,000 वजा 2,500, राहिले 9,500; त्याचे 15 टक्के 1,425. दोन मुलांचे मिळून! साडेतीन लाख कमावणाऱ्या इंजिनिअर जोडप्याला दोन मुलांचे 4,400. कमी कमावणाऱ्यांसाठी तिथे दुसरी एक सवलत आहे, हे मान्य; पण मुलांच्या नावाची ही सवलत मुलांच्या गरजेकडे पाहतच नाही. आपल्याकडे उत्पन्नाची अट म्हणजे वरची मर्यादा. किमान एवढं कमवाच, ही अट मला नवीन होती.

2021 मध्ये एक वर्ष ही अट काढली होती. रक्कमही वाढवली आणि जुलै ते डिसेंबर दरमहा, सहा वर्षांखालच्या मुलाला 300 आणि मोठ्याला 250 डॉलरपर्यंत, थेट खात्यात टाकले. त्या वर्षी तिथलं बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी, मदत थांबल्यावर, 12.4 टक्के झालं.

त्या पैशांचं काय केलंत, असं मी त्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, डिसेंबरच्या हप्त्यात दोघांना बर्फात घालायचे बूट घेतले. जानेवारीत खात्यात काही आलं नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)