आंब्याच्या शेडमधला आमचा मोसम : काकूंना पत्र

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी घरी येऊन तुमच्या हातात देऊ शकले असते. तरी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणखी कुणालाही करता येण्यासारखं आहे. माझं नाव कुठे घालू नको, असं तुम्ही बजावलंत. म्हणून इथे तुम्ही नुसत्या काकू.

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाची पावसाळ्यात काय दशा होते ते इकडच्या कुणाला समजावून सांगायला नको. जून अर्धा झाला की सिमेंटवर हिरवा थर धरतो. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं तरी दोन दिवसांत शेवाळ परत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि तेच चार महिने आमच्या तयारीचे. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, पाऊस सरता सरता झोनचे, म्हणजे विद्यापीठाच्या आमच्या विभागातले, सामने लागतात. मुंबई विद्यापीठ सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं असल्यामुळे झोन जिंकला की पुढे गाठ मुंबईच्या मुलींशी. त्यांच्यात नागपाड्यासारख्या वस्त्यांतून आलेल्या मुली असतात, जिथे पोरं चालायला लागली की बास्केटबॉल हातात घेतात. आमच्याकडे कबड्डी, खो-खो आणि पावसात बंद पडणारं एक कोर्ट. तुमच्याकडे येण्याच्या आदल्या पावसाळ्यात त्या शेवाळावरून घसरून आमच्या सेंटरचा, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या मुलीचा, घोटा असा मुरगळला की तिचा सगळा मोसम घरात गेला. तिच्या आईने तेव्हाच सांगितलं होतं, आता हा खेळ पुरे.

तुमच्या शेडची आठवण आमच्या गार्डला, म्हणजे बॉल पुढे आणणाऱ्या मुलीला, झाली. तिची आई हंगामात तुमच्याकडे आंबा निवडायला येते. शेवटचा आंबा कॅनिंगला गेला की पावस रस्त्यावरची ती एवढी मोठी शेड पुढच्या मार्चपर्यंत रिकामी असते, हे तिला माहीत होतं. आम्ही विचारायला आलो तेव्हा आमच्या प्रशिक्षक सरांनी भाड्याची गोष्ट काढली. तुम्ही त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "आंबा गेला की तिथे उंदीरच खेळतात, त्यापेक्षा तुम्ही खेळा गो," एवढंच म्हणालात. अट एकच होती : क्रेट एका भिंतीला नीट रचायचे आणि फेब्रुवारीअखेर शेड मोकळी करून द्यायची.

मग तुम्ही स्वतः पदर खोचून कोबा धुवायला उभ्या राहिलात. वर्षानुवर्षांचा चीक त्या कोब्यावर बसलेला, बूट चिकटायचे. सोडा आणि गरम पाणी टाकून तो कसा सुटतो ते तुम्ही दाखवलंत. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा बॉल टाकला आणि तो सरळ वर आला. ज्या मुली जून ते सप्टेंबर फक्त जिना चढ-उतार करून "फिटनेस" राखायच्या, त्यांच्यासाठी ते केवढं होतं, हे मला अजूनही पुरतं लिहिता येत नाही.

रिंग कुठे लावायची याचा घोळ तुम्हाला आठवत असेल. शेडच्या टोकाच्या भिंतीवर लावली तर मारलेला बॉल छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना आपटून खाली. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते आणि चांगला शॉट तिच्याही बराच वर जाऊन खाली उतरतो. फॅब्रिकेशनवाले दादा म्हणाले, शेड खेळासाठी बांधलेलीच नाही, सोडून द्या. तुम्ही वर बघत राहिलात आणि म्हणालात, "लांबीच्या भिंतीला लावा की. दोन कैच्यांच्या मधून जाईल." खरंच गेला. पण फक्त समोरून. जरा बाजूला उभं राहिलं की पुन्हा कैची आडवी.

काकू, आमचा सगळा मोसम त्या एका गोष्टीने घडवला. तुम्ही एकही सामना बघू शकला नाहीत, आधी कलमांना मोहोरासाठी कल्टार हे औषध घालायचं काम, मग बेणणी. म्हणून सविस्तर सांगते.

समोरून फक्त सरळ शॉट मारता येतो म्हटल्यावर सरांनी फ्री थ्रोची, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, रेघच तिथे आखली, बोर्डापासून ४.६० मीटरवर. पाऊस असो नसो, सरावाच्या शेवटी प्रत्येकीने तिथे उभं राहायचं. दमून, श्वास लागलेला असताना. बाजूचे शॉट जमणार नव्हते, म्हणून बॉल घेऊन थेट रिंगखाली घुसायचं शिकलो. जागा लहान, त्यामुळे लांब पास नाहीत, छोटे आणि खालून. बचावाला तर शेड उत्तमच. आमच्यातल्या निम्म्या मुली कबड्डीच्या आहेत, चवड्यावर वाकून उभं राहणं आणि जोडीने एकीला कोपऱ्यात घेणं त्यांच्या अंगात आहे. त्यांची एकच खोड मोडायला वेळ लागला : पकडायचं नाही. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि सुरुवातीला आमच्या दोघी अर्ध्या सामन्यातच बाकावर येऊन बसायच्या. खो-खोवाल्या मुलींचं उलट. खांबाला पोल मारायची सवय असल्याने स्क्रीनभोवती, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या आपल्याच मुलीभोवती, अशा फिरायच्या की मागची मुलगी बघत राहायची.

आणि पत्र्यावरचा पाऊस! आषाढात तो कोसळायला लागला की शेजारी उभी असलेली काय बोलते तेही ऐकू यायचं नाही. सर शिट्टी वाजवून थकले. मग आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या : मूठ म्हणजे प्रत्येकीने समोरच्या संघातली आपापली मुलगी राखायची, उघडा पंजा म्हणजे मागे येऊन जागा राखायची, खांद्यावर थाप म्हणजे बदली कर. शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांचं घड्याळ आमच्याकडे कुठलं असणार? तुमच्या बागेत बारमाही राहणारे नेपाळी दादा मोबाइलवर वेळ लावून पातेलं बडवायचे. पातेल्याचा आवाज मात्र पावसातही ऐकू यायचा. त्यांचेही आभार मानायचे आहेत, ते तुम्ही माझ्या वतीने मानाच.

झोनच्या सामन्यांत हे सगळं कामी आलं. पहिला सामना कसाबसा जिंकलो. अंतिम सामन्यातला संघ आमच्याहून उंच होता, रिंगखाली हात वर करून उभा राहिला की आकाश दिसत नव्हतं. आम्ही बाहेरून मारत बसलो नाही, तेवढं येतही नव्हतं. घुसत राहिलो. त्यांचे फाउल वाढत गेले. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव सामन्यात, संघाचे चार फाउल झाले की बचाव करताना केलेल्या पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. आमच्या मुली त्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि बॉल एकामागून एक आत पडत गेला. प्रेक्षकांत इतका गलका होता की त्यांच्या प्रशिक्षकांचं त्यांच्या मुलींना काही ऐकू जात नव्हतं. आम्हाला ऐकू यायची गरजच नव्हती. मूठ, पंजा, थाप. आमचे निम्म्याच्या जवळपास गुण त्या दिवशी फ्री थ्रोवरचे होते. झोन आम्ही जिंकला.

मुंबईला हरलो, आणि चांगलंच हरलो. तिथल्या मुली ६.७५ मीटरच्या रेघेबाहेरून, आणि कोपऱ्यातून तर विशेष, सहज तीन-तीन गुण घेत होत्या. आम्ही त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत बॉल हातातून सुटलेला असायचा. तेवढ्या रुंदीत धावून बचाव करायचा सराव शेडमध्ये होणं शक्य नव्हतं, तो पूर्ण मापाच्या, २८ बाय १५ मीटरच्या कोर्टावरच होतो. पण त्या दिवशीही फ्री थ्रो आमचेच चांगले पडले, आणि सामना संपल्यावर त्यांच्या कर्णधार मुलीने विचारलं, तुम्ही सराव कुठे करता? मी सांगितलं, आंब्याच्या शेडमध्ये. तिने आपल्या सगळ्या संघाला बोलावून ते पुन्हा सांगायला लावलं. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, काकू. तुमचा.

शेडइतकीच मोठी दुसरी गोष्ट तुम्ही केलीत, ती बाहेर कुणाला दिसली नसेल. आमच्यातल्या बहुतेक मुली एसटीने येतात. शेवटची गाडी चुकली की प्रश्न. ऑगस्टमध्ये सहा वाजताच अंधारून येतं, वाटेत रस्त्याला दिवे नाहीत, आणि घरचे म्हणतात, कशाला हवाय तो खेळ. कॉलेजात मुलींचे संघ मोडतात ते खेळ येत नाही म्हणून नव्हे, याच कारणाने मोडतात. मी दोन वर्षं डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही प्रत्येकीच्या घरी फोन केलात. घोटा मुरगळलेल्या मुलीच्या आईकडे तर स्वतः गेलात आणि माजघरात बसून तिच्याशी बोललात. "पोर माझ्या शेडमध्ये आहे, टेम्पो दारात सोडेल," हे तुम्ही सांगितल्यावर नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. हापूसच्या पेट्या वाशीला नेणारा तुमचा टेम्पो पावसाळाभर आम्हाला घरोघर सोडत राहिला. डिझेलचे पैसे विचारले तर तुम्ही विषय बदललात. आमची ती सेंटर यंदा परत खेळली. अंतिम सामन्यात सगळ्यांत जास्त रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल, तिचेच होते.

आणि पेज. रविवारी सकाळच्या सरावानंतर उकड्या तांदळाची ऊन पेज, वर मीठ आणि लोणच्याची फोड. सर म्हणायचे, घाम गाळल्यावर शरीराला हवं ते सगळं यात आहे, पाणी, मीठ, पिष्ट. आम्ही मात्र चवीसाठीच दोन-दोन वाट्या प्यायचो.

तिथे बसूनच सरांनी तुम्हाला या खेळाचा जन्म सांगितला होता. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळाच्या टोपल्या टांगून तो सुरू केला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. "म्हणजे फळाच्या टोपलीतलाच खेळ," असं म्हणून तुम्ही आमच्या रिंगकडे फार आपुलकीने बघितलंत. भारताचा मुलींचा संघ असतो का, हेही तुम्ही विचारलं होतंत. तेव्हा आम्ही तुम्हाला २०१७ चा बंगळुरूचा अंतिम सामना फोनवर दाखवला. आशिया चषकाच्या 'ब' गटात, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, आपल्या मुलींनी कझाकस्तानला दोन गुणांनी, ७५-७३ असं हरवलं होतं. त्या संघातली शिरीन लिमये पुण्याची, पुढे तिने भारताचं नेतृत्व केलं, हे कळल्यावर तुम्ही तिचा फोटो छापून आणायला सांगितलात. तो अजून वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर आहे. आंब्याच्या दिवसांतही काढू देणार नाही म्हणालात, ते लक्षात ठेवा हं.

आता जे वाचतायत त्यांच्यासाठी. कोकणात अशा कितीतरी शेड जूनपासून बंद असतात. मंगल कार्यालयं चातुर्मासात बहुतेक रिकामी असतात, आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त परंपरेने धरत नाहीत. तुमच्या गावात मुलींचा कुठलाही संघ असेल, कबड्डीचा, व्हॉलीबॉलचा, नुसता धावणाऱ्या मुलींचा, तर एकदा कुलूप उघडून त्यांना जागा दाखवा. कोबा कोरडा असला की पुरतो. आणि जमलं तर घरच्यांना एक फोन करा. त्याला भाडं लागत नाही, पण तो करणारं माणूस गावात वजन असलेलं लागतं, आणि तसं माणूस प्रत्येक गावात एक तरी असतं.

काकू, ठरल्याप्रमाणे रिंग उतरवली आहे. बोर्ड पुसून पोटमाळ्यावर ठेवलाय, त्याचे बोल्ट बिस्किटाच्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली आहे. क्रेट धुवून उन्हात घातलेत. आमच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपतात. त्यानंतर आम्ही सगळ्या निवडायला आणि पेट्या भरायला येतोय, मजुरी देऊ करू नका. आमच्यातल्या चौघींना डाग आणि साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, ओळखता येत नाही, तेवढं शिकवावं लागेल. यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे जूनमध्ये चावी मागायला दुसरी मुलगी येईल. उंच आहे, जरा लाजरी आहे, खो-खोतून आली आहे. तिला पेज दोन वाट्या द्या.

तुमची,
संघाची कर्णधार
आणि आम्ही सगळ्या मुली