चंद्राविषयी, आई-बाबांस

जळगाव

ती. बाबा व ती. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल तुम्ही पुन्हा तेच विचारलेत. दयामरणाच्या इंजेक्शननंतरही आपल्या चंद्रा घोडीचे डोळे उघडे होते, अंग थरथरले, तिने एक मोठा श्वास घेतला. मग तिला शेवटपर्यंत सगळे कळत तर नव्हते ना? फोनवर माझाच आवाज फुटेना, म्हणून लिहिते. दयामरण देताना शिरेतून दिलेले औषध भुलीच्याच जातीचे असते, फक्त मात्रा फार मोठी असते. ते आधी गाढ बेशुद्धी आणते आणि मग श्वास व हृदय थांबवते. नंतरची थरथर आणि तो श्वास ही शरीराची आपोआप होणारी हालचाल असते, आणि घोड्याचे डोळे मेल्यावर बहुधा उघडेच राहतात. त्या वेळी ती तुमच्याकडे पाहत नव्हती, बाबा. तिने तुम्हाला पाहिले ते त्याआधी, तुम्ही मोरखी धरून तिच्या कपाळावरून हात फिरवत होतात तेव्हा.

आणखी एक रात्र थांबायला हवे होते, हेही मनातून काढा. आतड्याला पीळ पडला की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतडे मरू लागते. घोड्याला ओकताही येत नाही, त्यामुळे पोटावरचा ताण वाढतच जातो. उपाय एकच, काही तासांत शस्त्रक्रिया. आपल्या गावातून, त्या वयाच्या घोडीला घेऊन ते शक्य नव्हते. घामाने भिजून ती लोळत होती आणि वळून वळून कुशीकडे पाहत होती, तेव्हा थांबणे म्हणजे तिला आणखी सोसायला लावणे होते. तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरांना हेच सांगितले असते.

आई, घोडी बाबांची म्हणून सगळे त्यांच्याच जवळ बसतात. पण रोज सकाळी दादर ज्वारीची भाकरी तुझ्या हातून खाल्ल्याशिवाय ती तोबऱ्याला तोंड लावत नसे, हे मला ठाऊक आहे. बैल गेला तर गाव समजून घेते, कारण त्याने शेत ओढलेले असते. घोडीसाठी रडणे मात्र लोकांना श्रीमंती वाटते. वाटू दे. तू मोकळेपणी रड, आणि बाबांसमोरच रड, म्हणजे त्यांनाही बोलता येईल.

खोगीर आणि रिकिबी कोणी मागितल्या तरी एवढ्यात देऊ नका. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून नवे शिंगरू आणा, असे काका म्हणतात, त्यामागे त्यांची मायाच आहे. परंतु चंद्राची रिकामी जागा भरायची म्हणून आणलेल्या जनावरावर तो अन्याय होईल. बाबांना आपणहून जावेसे वाटले, तर यंदा काय किंवा पुढच्या वर्षी काय, मी सोबत येईन.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते. तोवर दोघे एकाच वेळी जेवायला बसा, आणि बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुमची लेक