कॅमेऱ्यावरचा विश्वास ऐकीव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॉवेल-चादरीतले दोष पकडायला एआयचा कॅमेरा घेताना सोलापूरचे कारखानदार किंमत आणि वेग खोदून विचारतात. चेकिंग टेबलावरची माणसं कॅमेऱ्याचं ऐकतील का, हे मात्र जॉबर (पाळीचा मुकादम) पहिल्या आठवड्यात काय बोलतो यावर ठरतं. तो "ह्याला काय कळतंय" म्हणाला की अख्खी पाळी स्क्रीनवरचा दोष दाखवणारा लाल चौकोन बघायचं सोडते. मालक "आता कॅमेरा आहे की" म्हणाले की उलटं होतं : चौकोन नाही म्हणजे माल चोख, असं धरून टॉवेलवरून हात फिरवणंच थांबतं. हे जास्त महागात पडतं. खोटा इशारा टेबलावर सगळ्यांना दिसतो, सुटलेला दोष गिऱ्हाईकाकडे उघडतो.

रेघांची लांबी ओळखण्याइतक्या उघड गोष्टीतही माणसं गटाच्या चुकीच्या उत्तरामागे जातात, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशने १९५१ मध्ये दाखवलं. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी दबाव बराच उतरायचा. गडद निळ्या टॉवेलातला उडालेला लूप (सुताचं वेटोळं) तर रेघेपेक्षा कितीतरी पुसट.

म्हणून एकाच लॉटचे २०० टॉवेल घ्यावेत. दोन चेकरनी ते स्क्रीन झाकून, वेगवेगळे तपासावेत, वहीत नगाच्या नंबरासमोर निकाल लिहावा आणि मगच कॅमेऱ्याचा निकाल उघडावा. चौकोन आधी दिसला की नजर तिथंच अडकते. जॉबरने सगळ्यांत शेवटी बोलावं (हे जमवणंच अवघड!).

समजा, १० नग खराब निघाले. कॅमेऱ्याने १४ दाखवले, त्यातले ८ खरे. म्हणजे खोटे इशारे ६, सुटलेले २. विकणारा यालाच "९६ टक्के अचूक" म्हणेल. पण एकही इशारा न देणारा कॅमेराही इथे ९५ टक्के अचूक ठरतो! तेव्हा खोटे इशारे आणि सुटलेले दोष हे दोन्ही आकडे वेगळेच मांडावेत, पांढऱ्या आणि गडद मालाचे तर स्वतंत्र.

चूक झाली की कारणही त्याच ओळीत लिहावं : लेन्सवर कापसाचे तंतू बसले, ट्यूब मंद झाली, की डिझाइनच नवं होतं. पहिली दोन कारणं फडक्याने आणि नव्या ट्यूबने मिटतात; तिसऱ्यासाठी त्या डिझाइनचे नमुने कॅमेऱ्याला शिकवावे लागतात. कारण लिहिलं नाही तर "चुकतोय" एवढंच दुसऱ्या पाळीच्या कानावर जातं. ही वही ऑफिसच्या कपाटात न ठेवता चेकिंग टेबलाशेजारीच टांगावी.

– यंत्रमाग व्यवसायातील एक वाचक, सोलापूर