दिवा छापलात, गटार राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिका दिनाचा तुमचा क्रिमियन युद्धावरचा (1853 ते 56, रशियाविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान) लेख मी दोनदा वाचला. काल लिहायला बसले होते, पण राग फार होता म्हणून आज लिहिते आहे.

लेखात म्हटलंय, फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई हातात दिवा घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी इस्पितळात शिरल्या आणि शंभरातले 42 मृत्यू 2 वर आले. आकडे बरोबर आहेत, तारखा गाळल्या आहेत. बाई 38 परिचारिकांना घेऊन पोचल्या नोव्हेंबर 1854 मध्ये. ते 42 मृत्यू फेब्रुवारी 1855 चे. म्हणजे त्या येऊन तीन महिने झाले होते, मलमपट्टी होत होती, कपडे धुतले जात होते, आणि तरी सेवास्तोपोलच्या आघाडीवरून जहाजाने आलेली पोरं हगवणीने, तापाने मरतच होती. कारण इस्पितळाची ती बराक तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्चमध्ये लंडनहून आरोग्य आयोग आला. डॉ. सदरलँड आणि इंजिनिअर रॉलिन्सन यांनी गटारं उपसून घेतली, पंधरा दिवसांत पाचशेंवर हातगाड्या घाण बाहेर काढली, मेलेली जनावरं पुरली, भिंतींना चुना मारला. थंडीही सरली होती, हे खरं. पण जूनमध्ये आकडा 2 वर आला तो यानंतर. या दोघांचं नाव लेखात कुठेच नाही. खुद्द बाईंनी त्या आयोगाला श्रेय दिलं होतं.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. मी 34 वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली. दर 12 मेला, परिचारिका दिनी, आम्ही पांढऱ्या साड्या नेसून, हातात मेणबत्त्या धरून शपथ घ्यायचो. एका वर्षी शपथ चालू असताना पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डमागचं गटाराचं चेंबर भरून वाहत होतं. त्या पाण्यात विटा टाकून त्यावरून आम्ही ड्रेसिंगची ट्रॉली उचलून न्यायचो, दोघी पुढे, एक मागे. मी सात अर्ज केले. प्रत्येकाची पोचपावती अजून माझ्या ट्रंकेत आहे. दोन पावसाळे गेले, मग एक सफाई कामगार आला आणि बांबू घालून त्याने तासाभरात सलाईनच्या बाटल्या आणि एक सबंध चादर बाहेर ओढली. पुढच्या महिन्यात माझ्या ड्रेसिंगच्या वहीत पू झालेल्या जखमा कमी लागल्या. त्या माणसाला कुणी फूलसुद्धा दिलं नाही.

तुमच्या लेखाचा अर्धा भाग बालाक्लाव्हाच्या लढाईतल्या ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्यावर आहे. त्यात सुमारे 110 जण पडले. त्याच युद्धात ब्रिटिशांचे 16 हजारांवर सैनिक रोगराईने गेले, आणि लढाईत व जखमांनी मिळून 5 हजारही नाहीत. त्या 16 हजारांना तुम्ही दोन ओळी दिल्यात.

बाईंचं खरं मोठेपण मला नंतरच्या कामात दिसतं. परत गेल्यावर त्या संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर मृत्यूंच्या नोंदी घेऊन बसल्या आणि 1858 मध्ये त्यांनी ती वर्तुळाकार आकृती छापली: निळा रंग टाळता आले असते अशा रोगांचा, लाल जखमांचा, काळा बाकीच्यांचा. सगळी आकृती निळीच दिसते. पुढे हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या पाण्याची आणि सांडपाण्याची चौकशीही त्यांनी याच नजरेने केली.

आणखी एक. चित्रात तुम्ही त्यांच्या हातात चोचीचा, अल्लाउद्दिनचा असतो तसा दिवा दिलाय. स्कुटारीत त्यांच्याकडे तुर्की कंदील होता, घड्या पडून मिटणारा, आपल्या आकाशकंदिलाच्या जातीचा. दरवर्षी हेच चित्र येतं आणि नर्सिंगच्या मुली तेच बघून रांगोळी काढतात. पुढच्या 12 मेला कृपया ती निळी आकृती छापा, मोठी आणि रंगीत. खाली सदरलँड आणि रॉलिन्सन ही दोन नावंही द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका